पुण्याच्या पानातून महाराष्ट्राचा परिचय

प्रवासास निघालेला मनुष्य नव्या गावी पोचला की दोन गोष्टींची चौकशी प्रथम करतो : उतरण्याची सोय कोठे आहे आणि जेवण कोठे मिळेल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा पोटापुरतेच दिले जाते आणि तेवढ्यापुरतेच घेतले जाते. वास्तविक त्या उत्तरात त्या मुलखाची जमीन, पाऊस, पिके, इतिहास आणि माणसांचे परस्परसंबंध एवढे सारे सामावलेले असते. पानातील भाकरी ज्वारीची आहे की नाचणीची आणि आमटीचा आंबटपणा चिंचेचा आहे की आमसुलाचा, एवढे दोन प्रश्न विचारले तरी आपण घाटावर आहोत की कोकणात, याचा अंदाज बांधता येतो.

असा अभ्यास करावयास पुणे शहर विशेष सोयीचे आहे. शिक्षण, नोकरी, व्यापार आणि लष्कर या निमित्तांनी महाराष्ट्राच्या प्रत्येक विभागातून आणि परप्रांतांतूनही माणसे येथे येऊन राहिली. येताना त्यांनी आपापले मसाले, आपापली धान्ये आणि वाढण्याच्या रीती बरोबर आणल्या. म्हणून पुण्यात जेवणारा प्रवासी डोळसपणे जेवला तर त्याला एका शहरात अनेक जिल्ह्यांची तोंडओळख होते. मात्र शहराच्या पानात जे वाढले जाते त्याच्या मागे खेड्यातील शेत आणि स्वयंपाकघर उभे असते. ते दिसेनासे झाले तर पानातील पदार्थही फार काळ टिकणार नाही. या लेखात या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

भात आणि भाकरी यांच्या सीमेवर

पुणे जिल्ह्याची रचनाच अन्नाच्या अभ्यासकाला पहिला धडा देते. पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पुणे शहरात तो सातशे मिलिमीटरच्या आसपास येतो आणि पूर्वेकडे बारामती, इंदापूरच्या बाजूस पाचशेच्या घरात उतरतो. दीड-दोनशे किलोमीटरच्या अंतरात पावसाचे मान इतके बदलते आणि त्याबरोबर ताटही बदलते. मावळ, मुळशी आणि भोर या भागांत भात, नाचणी आणि वरी होते. शिरूर, दौंड, इंदापूर या बाजूस ज्वारी, बाजरी, मटकी आणि हुलगा ही कोरडवाहू पिके पिढ्यान् पिढ्या घेतली गेली. पुणे शहर या दोन प्रदेशांच्या मधोमध वसलेले आहे. वरणभाताने आरंभ करून मध्ये पोळी वा भाकरी खाऊन शेवटी ताकभाताने जेवण आटोपण्याची येथील जुनी रीत त्या भूगोलाशी सुसंगत आहे.

मुळशी तालुक्याचा आंबेमोहर तांदूळ शिजताना आंब्याच्या मोहरासारखा दरवळतो, म्हणून त्याला ते नाव पडले. त्याचे रोप उंच वाढते, वाऱ्यापावसात लोळते आणि उतारा कमी देते. या आंबेमोहराच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने इंद्रायणी हे वाण तयार केले आणि ते १९८७ मध्ये प्रसारित झाले. आज पुण्यातील पुष्कळ घरांत आणि खानावळींत जो मऊ, किंचित चिकट व सुवासिक भात वाढला जातो तो इंद्रायणीचा असतो. मुळशीच्या आंबेमोहराला आणि पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. एखाद्या पदार्थाचे वैशिष्ट्य त्याच्या मूळ स्थानाशी निगडित आहे, याची कायद्याने दिलेली ती पोच होय.

पानाची मांडणी आणि तिचा अर्थ

पारंपरिक पंगतीत पान वाढण्याचा क्रम ठरलेला असतो. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि लोणचे हे पदार्थ डाव्या बाजूस येतात. भाजी, उसळ, आमटी उजव्या बाजूस आणि भाताची मूद मध्यभागी असते. डावीकडचे पदार्थ थोडे थोडे, चवीपुरते घ्यावयाचे असतात. उजवीकडचे पोटभर खावयाचे असतात. पळवाढ कोणत्या पदार्थाची आणि चिमूटवाढ कोणत्या पदार्थाची, हे अशा रीतीने जागेवरूनच समजते. प्रवाशाने ही मांडणी ध्यानात घेतली तर थाळीतील दहा-बारा जिनसांपुढे तो गोंधळून जात नाही.

अळूची पातळ भाजी, मटकीची उसळ, चिंच-गुळाची आमटी, खमंग काकडी, मसालेभात, जिलबी आणि मठ्ठा हे पदार्थ पुणेरी जेवणाची खूण मानले जातात. धने, तीळ, सुके खोबरे आणि दगडफूल यांचा गोडा मसाला त्यांच्यापैकी अनेकांना चव देतो. तथापि पुणेरी जेवण म्हणजे केवळ पेठांतील पांढरपेशा घरांचे जेवण, अशी समजूत करून घेणे योग्य नव्हे. याच शहरात मटणाचा रस्सा व बाजरीची भाकरी करणारी घरे आहेत. लष्कर भागात मुसलमान, बोहरी, पारशी आणि गोव्याकडील ख्रिस्ती कुटुंबांच्या चुली आहेत. फाळणीनंतर पिंपरीस वसलेल्या सिंधी निर्वासितांनी आपली खाद्यरीत या परिसरात रुजवली. कष्टकऱ्यांच्या वस्त्यांतील अन्न तर पुस्तकांत फार थोडे आले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० मध्ये आणि कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि मराठी घरांना स्वयंपाकाचे लिखित मार्गदर्शन लाभले. परंतु मराठवाड्यातील दलित समाजाच्या अन्नाची सविस्तर नोंद करणारे शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक येण्यास २०१५ साल उजाडावे लागले. कोणाचे अन्न नोंदले गेले आणि कोणाचे राहून गेले, हाही या अभ्यासाचा एक भाग आहे.

वारापासून खानावळीपर्यंत

पुण्यास परगावच्या माणसाच्या जेवणाचा प्रश्न प्रथम विद्यार्थ्यांच्या निमित्ताने मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. गरीब मुले माधुकरी मागून किंवा वार लावून, म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवून, शिकू लागली. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने आणि पुढे १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीने अशा मुलांच्या राहण्याजेवण्याची संघटित व्यवस्था केली.

ज्यांना थोडेफार पैसे मोजणे शक्य होते त्यांच्यासाठी खानावळी निघाल्या. महिन्याचे पैसे आगाऊ भरावयाचे, ठरलेल्या वेळी पाटावर किंवा बाकावर बसावयाचे आणि त्या दिवशी जे शिजले असेल ते खावयाचे, असा तो व्यवहार होता. टिळक रस्त्यावरील बादशाही आणि लक्ष्मी रस्त्यावर १९३५ मध्ये चित्रपटनिर्माते नानासाहेब सरपोतदार यांनी सुरू केलेले पूना गेस्ट हाऊस ही नावे या परंपरेत घेतली जातात. अनेक लहान खानावळींचा भार एकट्या पडलेल्या स्त्रियांनी वाहिला. घरातील चूल हेच त्यांचे भांडवल होते. हे श्रम बाजाराच्या हिशेबात धरले जात नसत. मुंबईत गिरणी कामगारांना जेवण पुरविणाऱ्या खानावळवाल्या स्त्रियांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने संघटित केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा या कामाचे आर्थिक मोल ठळकपणे पुढे आले.

एका टेबलाशी बसण्याचा प्रश्न

आज प्रवासी कोणत्याही उपाहारगृहात शिरतो आणि रिकाम्या खुर्चीवर बसतो. ही गोष्ट आपोआप घडून आलेली नाही. १८६८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुला केला, तो याच शहरात. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासह अनेक प्रतिष्ठितांवर धर्मसभेपुढे उत्तर देण्याची वेळ आली, तीही येथेच. एक पेला चहा म्हणजे तेव्हा जातीबाहेर जाण्याचे कारण होते.

इराणी उपाहारगृहांनी या बाबतीत गाजावाजा न करता मोठे काम केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणच्या यज्द व केरमान भागांतून आलेल्या कुटुंबांनी मुंबई-पुण्यास चहा, ब्रून आणि बनमस्का यांची दुकाने थाटली. संगमरवरी टेबलाशी कोणीही बसावे, पैसे द्यावेत आणि जावे, असा तेथील रिवाज होता. डेक्कन जिमखान्यावरील कॅफे गुडलक १९३५ पासून आणि लष्कर भागातील कयानी बेकरी १९५५ पासून पुणेकरांच्या परिचयाची आहे. पुढे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ ने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांतील प्रवेशाबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट केले. शाळेत नागरिकशास्त्र शिकविताना हे कलम उपाहारगृहाच्या उदाहरणाने समजावून दिले तर मुलांच्या मनावर ते अधिक ठसते. गावच्या यात्रेत, लग्नाच्या पंगतीत आणि शाळेच्या पोषण आहारात सर्व मुले एका ओळीत बसतात की नाही, हे पाहणे याच कलमाच्या भावनेला धरून आहे.

परके पदार्थ आपले कसे झाले

पुण्याच्या रस्त्यावरील अनेक चवी बाहेरून आल्या आणि येथल्याच झाल्या. पितळी भांड्यात दुधासह उकळलेला आणि वेलची कुटून घातलेला अमृततुल्य चहा राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी रूढ केला. इडली-डोसा दक्षिण कन्नडकडील उपाहारगृहचालकांनी आणला. सांगली जिल्ह्यातील भिलवडी येथे १९३९ मध्ये दुग्धव्यवसाय सुरू करणाऱ्या चितळे कुटुंबाने १९५० मध्ये पुण्यात मिठाईचे दुकान काढले आणि त्यांच्या बाकरवडीने पुण्याचे नाव दूरवर नेले.

याहून आश्चर्याची गोष्ट उपवासाच्या ताटात आढळते. साबुदाण्याच्या खिचडीतील साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, तसेच बटाटा, मिरची आणि शेंगदाणा ही चारही पिके मूळची अमेरिका खंडातील असून पोर्तुगीजांच्या आगमनानंतरच्या काळात ती भारतात आली. पावही त्यांच्याच बरोबर आला. म्हणजे जो पदार्थ अत्यंत सोवळा मानला जातो तो सातासमुद्रांपलीकडील पिकांवर उभा आहे. अन्नाची परंपरा जिवंत असते ती नव्याचा स्वीकार करण्याच्या या शक्तीमुळे. मिसळ हे याचे उत्तम उदाहरण होय. कोरडवाहू रानातील मटकीची उसळ, वर फरसाण आणि कांदा, आणि सोबत पाव किंवा ब्रेडचे तुकडे. पुण्याच्या जुन्या मिसळीत पोहे आणि बटाटाही असतो व तिखट बेताचे असते. कोल्हापूरच्या मिसळीचा कट झणझणीत असतो. दोन्ही ठिकाणी मिसळ खाणाऱ्याला मसाल्याच्या बदलातून प्रदेशाचा बदल जाणवतो.

ऋतूंचे जेवण

प्रादेशिक अन्न बारमाही नसते. आषाढी वारीच्या वेळी ज्ञानेश्वर महाराज आणि तुकाराम महाराज यांच्या पालख्या पुण्यात भवानी पेठ व नाना पेठेत मुक्कामास येतात, तेव्हा शहरातील हजारो घरे आणि मंडळे वारकऱ्यांना जेवू घालतात. पिठले, भाकरी आणि ठेचा हे त्या दिवसांतील खरे यात्रेचे अन्न. प्रवाशांना सामुदायिकरीत्या जेवू घालण्याची इतकी मोठी परंपरा क्वचितच पाहावयास मिळते. श्रावणाच्या आगेमागे जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागातून कुर्डू, भारंगी, टाकळा अशा रानभाज्या बाजारात येतात. त्या ओळखण्याचे ज्ञान मुख्यतः आदिवासी स्त्रियांजवळ आहे. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, पावटा, गाजर, वांगे यांची मिसळभाजी होते. थंडीत ज्वारीचे कोवळे दाणे गोवऱ्यांच्या आरावर भाजून हुरडा खाल्ला जातो. १८८६ मध्ये उभारलेल्या आणि आज महात्मा फुले यांचे नाव धारण करणाऱ्या मंडईत वर्षातून चार वेळा फेरी मारली तरी हा ऋतुक्रम डोळ्यांपुढे उभा राहतो.

जे पानातून नाहीसे होत आहे

आता मुख्य मुद्द्याकडे वळावयास हवे. शहरातील उपाहारगृहांत 'महाराष्ट्रीय थाळी' या नावाने जे मिळते ते दिवसेंदिवस एकसारखे होत चालले आहे. कळण्याची भाकरी, हुलग्याचे माडगे, येसराची आमटी, वरीचे व नाचणीचे पदार्थ तेथे क्वचितच दिसतात. याला कारणे आहेत. ज्वारी-बाजरीचे पीठ दळून फार दिवस झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापता येत नाही. ताजे पीठ आणि सराईत हात रोज मिळणे व्यवसायाला महाग पडते. चपातीचे तसे नाही.

शेतातही तेच घडले. ज्वारीचा पेरा गेल्या काही दशकांत फार घटला. पाणी आले तेथे ऊस आला. शिधावाटपात गहू-तांदूळ मिळू लागले. ताटे उपटून काढणी करावयास मजूर मिळेनात. ज्वारी गेली तिच्याबरोबर जनावरांचा कडबाही गेला. १९७२ च्या दुष्काळात आयात केलेल्या मिलोवर आणि दुष्काळी कामांवर वाटलेल्या सुकडीवर दिवस काढलेली पिढी कमी पाण्यावर येणाऱ्या धान्याची किंमत जाणून होती. जे धान्य कोणी खात नाही ते कोणी पेरत नाही आणि जे काही वर्षे पेरले गेले नाही त्याचे बियाणे उरत नाही. म्हणून पानातील एक पदार्थ नाहीसा होणे ही केवळ चवीची हानी नव्हे. कोरडवाहू शेतकऱ्याचा एक आधार त्याबरोबर जातो.

उलट दिशेने प्रयत्नही झाले आहेत. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या ज्वारीला, जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी घरच्या घरी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली. पुण्यात मुख्यालय असलेल्या बाएफ संस्थेचे त्यांना साहाय्य झाले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. भीमथडी जत्रेसारख्या उपक्रमांतून ग्रामीण बचत गटांच्या स्त्रिया पुण्यात येऊन आपापल्या भागातील पदार्थ ग्राहकासमोर करून वाढतात. पुणेकरांची तेथे होणारी गर्दी पाहता या अन्नाला मागणी नाही, असे म्हणता येणार नाही.

गावपातळीवर करावयाचे काम

ग्रामपंचायतींच्या हाती एक साधन आधीच आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. या नोंदवहीत पिकांची स्थानिक वाणे आणि रानभाज्या यांची नावे असतातच. त्यांच्यापुढे त्यांपासून होणारे पदार्थ, त्यांचा हंगाम आणि करण्याची रीत यांची नोंद केली तर गावाचा अन्नवारसा फारशा खर्चावाचून लिखित होईल. ही माहिती देणाऱ्या वृद्ध स्त्रियांना समितीच्या बैठकीस मानाने बोलवावे.

शिक्षकांना हाच विषय परिसर अभ्यासासाठी घेता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एका पदार्थाविषयी पाच प्रश्न विचारून उत्तरे वहीत लिहावीत : धान्य कोठून आले? आंबट, तिखट, गोड चव कशामुळे आली? तो कोणत्या ऋतूत व कोणत्या प्रसंगी होतो? तो कोणी शिकविला? आजीच्या लहानपणी तो होत असे काय? पन्नास मुलांच्या वह्या एकत्र केल्या की गावाचे पीकपाणी, स्थलांतर आणि सणवार यांचे चित्र तयार होते.

शासकीय अधिकाऱ्यांनी विश्रामगृहांत, प्रशिक्षण वर्गांत आणि बैठकांच्या भोजनात आठवड्यातून एक वेळ तरी स्थानिक धान्याचा पदार्थ ठेवल्यास बचत गटांना नियमित काम मिळेल. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केले आहे. त्याचा लाभ घेणाऱ्या केंद्रांनी पाहुण्यास शहरी थाळी न देता आपल्या शिवारातील अन्न द्यावे. त्याचबरोबर अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार नोंदणी, पिण्याच्या पाण्याची शुद्धता आणि भांड्यांची स्वच्छता यांबाबत गटांना वेळीच मार्गदर्शन करावे. पाहुणा एकदा आजारी पडला तर गावाचे नाव जाते.

प्रवाशाकडूनही काही अपेक्षा आहेत. जेवण तयार होण्यास वेळ लागला तर उतावीळ होऊ नये. जे त्या हंगामात पिकत नाही ते मागू नये. घासाघीस करताना समोरच्या बाईने पहाटे उठून दळण, निवडणे आणि थापणे केले आहे, याचे स्मरण ठेवावे. आणि एखादा पदार्थ आवडला तर तो कोणत्या गावच्या धान्याचा आहे, हे अवश्य विचारावे. या प्रश्नाचे उत्तर मिळू लागले म्हणजे पुण्यात जेवलेला प्रवासी पुढे मुळशीच्या भातखाचरापर्यंत आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानापर्यंत जाईल आणि त्याने मोजलेल्या पैशांतील काही वाटा तेथे राबणाऱ्या हातांत पडेल.